आठ महिने इक्वलायझर लावून गाणं ऐकल्यावर

हेडफोन जुनाच आहे, वायरचा, बंद कपांचा. तार सप्तकात गायिकेचा 'स' किंवा 'श' आला की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं आणि डग्गा म्हणजे नुसतं ढब्ब ढब्ब. नवा घ्यायला निघालो होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आधी इक्वलायझर लावून तर बघा." इक्वलायझर म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय. लॅपटॉपवर त्यासाठी इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याच्यासोबत, ते चालवणं सोपं करणारं पीसही. दोन्ही फुकट मिळतात. आता आठ महिने झाले.

पहिले पंधरा दिवस सगळेच करतात तेच मी केलं. खालच्या दोन पट्ट्या 6 डेसिबल वर, वरच्या दोनही वर. काय भारी वाटलं! पण तिहाई समेवर आली की आवाज फाटायला लागला. मूळ रेकॉर्डिंगच कमाल मर्यादेपर्यंत भरलेलं असतं, त्यात आणखी भर घातली की ते फाटणारच. म्हणून प्रीॲम्प, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी, उणे 6 वर नेला आणि सगळी जादू उतरली. तेव्हा कळलं, मला आवडला होता तो फक्त वाढलेला मोठेपणा. तेव्हापासून कुठलंही सेटिंग तपासताना, ते लावून आणि न लावता, दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतो. हे केल्याशिवाय केलेली तुलना मी आता धरतच नाही.

खरा फरक पडला तो कमी करायला लागल्यावर. 200 हर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल उतरवले आणि डग्ग्याचा घुमारा मोकळा झाला. खर्ज वाढवला नव्हता, त्यावर बसलेला गाळ काढला होता. मनगटाच्या दाबाने काढलेली मींड आता शेवटपर्यंत ऐकू येते. ज्या दिवशी ती पहिल्यांदा ऐकली, त्या दिवशी तोच विलंबित एकताल पुन्हा पुन्हा लावला.

टोचणारा 'स' शोधायला मात्र वेळ लागला. आधी मी वरची सगळी बाजूच खाली ओढली होती. टोचणं गेलं, पण तानपुरा मेला. तारांखालचा जवारीचा दोरा कुणी काढून घ्यावा तसा. तानपुऱ्याचा सगळा जीव वरच्या स्वरांशांत असतो, तिथे सरसकट कात्री चालवून चालत नाही. मग एक अगदी अरुंद पट्टी वाढवून हळूहळू सरकवत नेली. जिथे 'स' असह्य झाला ती जागा 6200 हर्ट्झच्या जवळ निघाली. तिथेच, तेवढ्याच रुंदीत, 4 डेसिबल कमी केले. तानपुरा जागेवर आणि कानही शांत.

ऑटोईक्यू या प्रकल्पात वेगवेगळ्या हेडफोनसाठी तयार सेटिंग्ज मिळतात, तीही वापरली. सुरुवात करायला चांगली आहेत. पण ती कृत्रिम कानावर मोजलेली असतात, आणि वरच्या टोकाला कानागणिक फरक पडतो. 8 किलोहर्ट्झच्या वरचे आकडे मी सोडूनच दिले.

78 आरपीएमच्या तबकड्यांवरच्या नाट्यगीतांसाठी वेगळं सेटिंग ठेवलं आहे, त्यात वरचा भाग बराच उतरवलेला. तबकडीवर जे उमटलंच नाही ते इक्वलायझर कुठून आणणार? तिथे पट्टी वर केली तर खरखरच वाढते.

सहाव्या महिन्यात कपांच्या गाद्या बदलल्या आणि सगळं पुन्हा जुळवावं लागलं. 200 हर्ट्झची कपात आता दीडच डेसिबल पुरते. चष्म्याच्या काड्यांमुळेही फट राहते आणि खर्ज गळतो, त्यामुळे सेटिंग करताना चष्मा घालूनच बसावं, नेहमी घालून ऐकत असाल तर. हेडफोनचा मंच, म्हणजे वाद्यं आजूबाजूला पसरल्याचा भास, मात्र आहे तेवढाच राहतो, डोक्याच्या आतच.

मुलीला माझं सेटिंग मंद वाटतं. तिला तो 'स' टोचतच नाही म्हणे. पीसमध्ये तिच्या नावाने वेगळं सेटिंग आहे, त्यात 6200 ची ती कपात नाही.