झीझी टॉपची ‘ट्रेस ओम्ब्रेस’: जरूर घ्या, पण १९८७ ची सीडी नको

झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडचा ‘ट्रेस ओम्ब्रेस’ हा अल्बम विकत घेणार असाल तर आधी हातातली प्रत कुठल्या मिक्सची (कुठल्या वाद्याचा आवाज कसा आणि किती ठेवायचा, त्या जुळवणीची) आहे ते बघा. १९७३ मध्ये लंडन रेकॉर्ड्सने काढलेली एलपी चालेल, २००६ ची रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ मिक्सच ठेवून आवाज साफ केलेली सीडीही चालेल. पण १९८७ साली ‘सिक्स पॅक’ नावाचा संच निघाला, त्यात हा अल्बम नव्याने मिक्स करून घातला होता, आणि पुढे बरीच वर्षं सुट्या सीडीवरही तोच मिक्स मिळत राहिला. ती प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मी इचलकरंजीत तबला शिकले, त्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो. या तिघांचा ठेका ऐकण्यासारखा आहे. गिटारवर बिली गिबन्स, बासवर डस्टी हिल, ड्रम्सवर फ्रँक बियर्ड. बँड टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. १९७० मध्ये तिघं एकत्र आले आणि जुलै २०२१ मध्ये हिल गेले तोपर्यंत त्यांच्यातला एकही गडी बदलला नाही. हा त्यांचा तिसरा अल्बम. पहिल्या दोन अल्बममध्येही ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, भरपूर आहे, पण वाजवताना कुठे थांबायचं हे त्यांना इथे उमगलंय. तिघांच्या बँडमध्ये मागे भरणा करायला दुसरी गिटार नसते. बहुतेक बँड ती रिकामी जागा मोठ्या आवाजाने भरून काढतात. हे लोक ती तशीच राहू देतात, म्हणून प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

१९८७ च्या मिक्सने नेमकी हीच जागा बुजवली. १९८३ च्या ‘एलिमिनेटर’मुळे बँडला प्रचंड यश मिळालं होतं, सिंथेसायझर आणि मशीनचे ड्रम्स लोकांना आवडले होते, म्हणून जुन्या अल्बमलाही तोच साज चढवला गेला. बियर्डच्या स्नेअरवर (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमवर) एवढा घुमारा चढवलाय की प्रत्येक ठोका मोठ्या रिकाम्या हॉलमधून आल्यासारखा वाटतो. मूळ रेकॉर्डवरचे ड्रम्स कोरडे आहेत, जवळून येतात, कांडी कातड्यावर पडल्याचं कळतं. मी दोन्ही प्रती एकामागून एक लावून ऐकल्या आहेत. मिक्स बदलला की वाजवणाराच बदलल्यासारखा वाटतो. पुन्हा मूळ मिक्स असलेली सीडी यायला २००६ साल उजाडावं लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

फरक पटकन ओळखायचा असेल तर ‘ला ग्रेंज’ लावा. सुरुवातीला फक्त गिटार आहे, तीही दबक्या आवाजात, आणि सोबत ड्रमच्या कडेवर कांडीची टिकटिक. गिबन्स घशातल्या घशात पुटपुटतो. लय तिस्र अंगाची (तिला शफल म्हणतात), सरळ चालीची. पण दर मात्रेतला शेवटचा तुकडा तो किंचित मागे खेचतो, आणि त्या खेचण्यावर पाय आपोआप हलायला लागतो. मग बियर्ड एक तुकडा वाजवतो आणि तिघंही एकदम अंगावर येतात. ही झेप परिणामकारक वाटते ती आधीच्या शांततेमुळेच. मधल्या सोलोत तर षड्जच बदलतो: गाणं ए पट्टीत चाललेलं असताना गिटार सी पट्टीत जाते आणि नंतर परत येते. गिबन्स तारेला अंगठ्याची कड लावून जे चिरके सूर काढतो, त्यांची पुढे असंख्य गिटारवाल्यांनी नक्कल केली.

ह्यूस्टनहून ऑस्टिनला जाताना ७१ नंबरच्या रस्त्यावर ला ग्रेंज गाव लागतं. गाणं गावाबाहेरच्या ‘चिकन रँच’ या जुन्या कुंटणखान्यावर आहे. रेकॉर्ड १९७३ च्या जुलैअखेरीस आली, आणि ह्यूस्टनच्या मार्विन झिंडलर या टीव्ही बातमीदाराने प्रकरण लावून धरल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीलाच ती जागा बंद झाली.

या गाण्याबद्दल आणखी एक बोलायलाच हवं. त्याची मूळ चाल ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या ‘बूगी चिलन’च्या घराण्यातली आहे, हे दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की कोणालाही कळेल. पुढे त्यावर खटला झाला. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल बँडच्या बाजूने दिला, पण तो कॉपीराइटच्या तांत्रिक मुद्द्यावर. कायद्याचं काही असो, माझ्या मते हूकरचं नाव कव्हरवर यायला हवं होतं. आपल्याकडे बंदिश गाताना ती कोणाकडून मिळाली ते सांगतात, तेवढं तरी करायचं.

पहिल्या बाजूची सुरुवात ‘वेटिन फॉर द बस’ने होते. दिवसभर राबलेला माणूस बसची वाट बघतोय, एवढाच विषय, आणि मधे गिबन्सचा माउथऑर्गन. गाणं संपतं त्याच ठोक्यावर ‘जीझस जस्ट लेफ्ट शिकागो’ सुरू होतं, मधे क्षणाचीही फट नाही. अमेरिकेतले रेडिओवाले ही दोन गाणी सहसा तोडत नाहीत. दुसरं गाणं संथ ब्लूज आहे. त्यात येशू शिकागोहून न्यू ऑर्लीन्सला निघालाय, वाटेत मिसिसिपीचं गढूळ पाणी द्राक्षारस होतं. जनाबाईसोबत दळायला बसणारा विठोबा ज्यांना परका नाही, त्यांना हा देवही परका वाटणार नाही. सगळ्या रेकॉर्डमधलं माझं सर्वांत आवडतं गाणं हेच. डस्टी हिलचा बास इथे नीट ऐका. तो फार कमी सूर वाजवतो, पण खर्जातला एकेक सूर पुरता टिकवतो, आणि गिटार त्याच्या आधाराने निवांत फिरते.

‘बिअर ड्रिंकर्स अँड हेल रेझर्स’मध्ये हिल आणि गिबन्स आळीपाळीने गातात, एकाचा आवाज टिपेचा आणि दुसऱ्याचा खरखरीत, जोडी छान जमते. ‘हॉट, ब्लू अँड राइटियस’ चर्चमधल्या भजनाच्या अंगाने जातं, शेवटचं ‘हॅव यू हर्ड’ही तसंच. ‘मूव्ह मी ऑन डाउन द लाइन’ मला सपक वाटतं, आणि ‘शीक’ नसतं तरी काही बिघडलं नसतं. बाकीची ठीक आहेत. अख्खी रेकॉर्ड पस्तीस मिनिटांच्या आत संपते, आणि तेवढीच असावी.

निर्माता बिल हॅम. मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ टेरी मॅनिंग यांनी केलेलं काम विशेष दाद देण्यासारखं आहे. गिबन्सच्या ‘पर्ली गेट्स’ या १९५९ च्या लेस पॉल गिटारचा जाड, उबदार आवाज त्यात कुठेही बोथट होत नाही. अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला.

एलपी घेतलीत तर उघडणारं कव्हर शाबूत आहे का ते तपासा. आत दोन्ही पानं भरून टेक्स-मेक्स (टेक्सासच्या मेक्सिकन धाटणीच्या) जेवणाचा फोटो आहे, एन्चिलाडांवर, म्हणजे सारण भरलेल्या रोट्यांवर, वितळलेलं चीज ओघळतंय. माझी प्रत इथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातली. कव्हरच्या कडा झिजल्यात, पण रेकॉर्ड बरी वाजते. जुन्या प्रती घासलेल्या निघतात. ‘जीझस’चा संथ भाग आणि ‘ला ग्रेंज’ची सुरुवात दुकानातच लावून बघा, कारण खरखर असेल तर ती तिथेच ऐकू येईल. रेकॉर्ड प्लेअर नसेल तर २००६ ची सीडी बिनधास्त घ्या. तिच्यात तीन लाइव्ह ट्रॅक जादा आहेत, त्यातला ‘जीझस’ ऐकाच. सुरुवातीचे बरेच अल्बम एकदम हवे असतील तर २०१३ चा ‘द कम्प्लीट स्टुडिओ अल्बम्स’ हा संच बघा, त्यातही मूळ मिक्सच आहेत.