कबुतरांचा संशय आणि अर्धवट एचआरसीटी

तीन तारे. या स्कॅन सेंटरमध्ये छातीचा एचआरसीटी (फुप्फुसांची बारीक कापांत चित्रं काढणारा सीटी स्कॅन) नीट होतो, पण पुरता नाही. 1 मिलिमीटरचे काप, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) नाही, हे बरोबरच. मात्र सत्तरीच्या रुग्णालाही फक्त उताणं झोपवतात. या वयात फुप्फुसांच्या मागच्या तळाशी नुसत्या भारानेही धूसरपणा दिसतो. पालथं झोपवल्यावर तो गेला, तर तो आजार नव्हे. श्वास बाहेर सोडायला लावून काढायचे काप तर घेतच नाहीत, आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये (कबुतरांची विष्ठा-पिसं किंवा बुरशी श्वासात गेल्याने फुप्फुसांना येणारी ॲलर्जीसारखी सूज) अडकलेली हवा नेमकी त्यातच उठून दिसते. फॉर्मवर कबुतरं, कूलर, ओलसर भिंती यांचा रकाना नाही. मग रिपोर्टात 'जुना टीबी?' लिहून मोकळे! सीडी मात्र लगेच देतात. ती छातीरोगतज्ज्ञांना दाखवा, नुसत्या रिपोर्टवर स्टेरॉइड सुरू करू नका.