‘जर्सी’: पाचशे रुपयांपर्यंत सगळे एकत्र, शेवटावर फाटाफूट

शाहिद कपूरचा ‘जर्सी’ कसा वाटला, असं आमच्या घरात विचारलंत तर प्रत्येकाकडून वेगळं उत्तर मिळेल, आणि कुणीही आपलं म्हणणं सोडायला तयार नाही. सासऱ्यांच्या मते इतका चांगला हिंदी सिनेमा बऱ्याच वर्षांत आला नाही. नवऱ्याच्या डोळ्यांना शेवटी धार लागली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तोच म्हणाला, ‘रडवायचं म्हणून रडवलंय.’ बारा वर्षांच्या लेकाला क्रिकेट तेवढं आवडलं, बाकीचं फार लांबलं. मी मध्यंतरापर्यंत पूर्णपणे सिनेमाच्या बाजूने होते, शेवट मात्र मला मान्य नाही. का ते सांगायचं तर शेवट सांगावाच लागेल, म्हणून ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्या. नेटफ्लिक्सवर आहे.

दिग्दर्शक गौतम तिन्ननुरी यांनी 2019 मध्ये तेलुगू नट नानीला घेऊन हाच सिनेमा तेलुगूत केला. त्याला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा आणि संकलनाचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मग त्यांनीच तो हिंदीत केला. हैदराबादचं चंदीगड झालं. कोविडमुळे तारखा पुढे पुढे ढकलत तो अखेर 22 एप्रिल 2022 ला लागला. आठवडाभर आधीच ‘केजीएफ’चा दुसरा भाग आलेला होता, थिएटरं त्याने भरलेली. ‘जर्सी’ चालला नाही. न चालण्यासारखा तो खचितच नव्हता.

गोष्ट अर्जुन तलवारची. एकेकाळी रणजी गाजवलेला फलंदाज, आता छत्तीस वर्षांचा. खेळाच्या कोट्यातून मिळालेली सरकारी नोकरी भ्रष्टाचाराच्या आरोपामुळे हातची गेलेली. घर चालवते ती बायको विद्या, आपल्या धुळ्याची मृणाल ठाकूर. साल 1996. त्याच वर्षी विश्वचषक आपल्याकडे झाला होता, रंगीत कपड्यांत, आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला निळी जर्सी हवी होती. अर्जुनच्या मुलालाही, किट्टूलाही, वाढदिवसाला तीच हवी आहे. किंमत पाचशे रुपये.

हे पाचशे रुपये उभे करायची धडपड म्हणजे या सिनेमाचा प्राण आहे. अर्जुन मित्रांकडे मागतो. मागताना आवाज कसा खाली जातो, हे शाहिदने फार नेमकं पकडलंय. शेवटी तो बायकोच्या पर्समध्ये हात घालतो आणि पकडला जातो. तेवढ्यात मुलगा पुन्हा जर्सीचं विचारतो आणि बाप त्याच्या थोबाडीत मारतो. इथवर आमच्या घरात मतभेद नव्हते. गेल्या जूनमध्ये लेकाला इंग्लिश विलोची, म्हणजे महागातल्या लाकडाची, बॅट हवी होती. किंमत ऐकून नवरा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला आणि ते पुढच्या महिन्यातही बघणं झालं नाही. लेक आपल्या स्वस्तातल्या काश्मीर विलोच्या बॅटलाच जवसाचं तेल लावून लाकडी हातोडीने बाल्कनीत ठोकत बसायचा. ठक, ठक, संध्याकाळभर. तो आवाज घरात ऐकत बसलेल्या बापाला काय वाटत असेल, ते मला अर्जुनचा चेहरा पाहून कळलं. जगात एकट्या माझ्या मुलाने मला अजून जोखलेलं नाही, त्याच्या नजरेतून मला उतरायचं नाही, अशा अर्थाचं अर्जुन बोलतो तेव्हा नवरा उठून पाणी प्यायला गेला.

ऑफिसातली माझी एक सहकारी मूळची हैदराबादची. तिने तेलुगू ‘जर्सी’ थिएटरात पाहिला होता, आणि हिंदीबद्दल तिची तक्रार सरळ होती: दिग्दर्शक तोच, प्रसंग तेच, मुलाचं काम करणारा रोनित कामराही तोच, मग नवीन काय? तिच्या सांगण्यावरून मी तेलुगू पाहिला. स्टेशनवरच्या प्रसंगात तिचं म्हणणं पटलं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा संघात निवड झाल्यावर अर्जुन फलाटावर जातो, गाडी धडधडत जवळून जायला लागते आणि त्या आवाजात तो जिवाच्या आकांताने ओरडून घेतो, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. आम्ही डोंबिवलीकर, जलद गाडी न थांबता फलाटावरून जाते तेव्हा शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, हे रोजचं आहे. नानी त्या गाडीच्या आड लपून ओरडतो, आनंद होतोय याचीच त्याला लाज वाटत असावी असं. शाहिद चांगलाच ओरडतो, पण तो ओरडणार हे आधीपासून कळतं. त्याच्या रागाची ‘कबीर सिंग’पासून आपल्याला सवय झालीय, आणि तो राग इथे अधूनमधून डोकावतो. नानीचा अर्जुन हरलेला वाटतो, शाहिदचा चिडलेला. ज्यांनी आधी तेलुगू पाहिला त्यांना हिंदी उष्टा वाटतो, आणि ज्यांनी फक्त हिंदी पाहिला ते शाहिदचं आजवरचं उत्तम काम म्हणतात, ते यामुळेच.

हिंदीत एक गोष्ट मात्र मूळापेक्षा सरस आहे. प्रशिक्षक बालीसरांच्या भूमिकेत पंकज कपूर आहेत, शाहिदचे खरे वडील. तेलुगूत सत्यराज यांनी हे काम छान केलं होतं, तरी बालीसर अर्जुनकडे बघतात त्या नजरेत जे आहे ते नुसत्या अभिनयाने येत नाही. पैसे मागायला आलेल्या शिष्यासमोर ते थोडं जास्तच बोलतात, उगाच विषय बदलतात. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये याची सगळी काळजी त्या बडबडीत असते. यावर मात्र घरात, ऑफिसात, कुठेच दुमत नाही.

आता शेवट. अर्जुनने सव्विसाव्या वर्षी क्रिकेट सोडलं ते निवड झाली नाही म्हणून रुसून नव्हे, तर हृदयाचा आजार निघाला म्हणून, हे आपल्याला अगदी अखेरीस कळतं. खेळलास तर जिवावर बेतेल हे त्याला माहीत होतं. मुलाच्या नजरेत मोठं व्हायचं म्हणून तो तरीही खेळतो, आणि जातो. कितीतरी वर्षांनी समारंभात त्याच्या नावाची जर्सी बायको-मुलाच्या हाती दिली जाते. थिएटरांत लोक हुंदके देऊन रडले ते इथे.

सासरे म्हणतात, बरोबर केलं त्याने. ते रेल्वेत होते, मैदानावर आयुष्यभर क्रिकेट पाहिलेले. त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर आहेत, 589 प्रथम श्रेणी बळी घेऊन एकही कसोटी न मिळालेले. मुंबईचेच फलंदाज अमोल मुजुमदार आहेत, पदार्पणातच 260 धावा काढल्या, अकरा हजारांच्या वर धावा केल्या, तरी भारताची टोपी डोक्यावर चढली नाही, देशाकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. ‘खेळ हाच ज्याचा श्वास, त्याला दहा वर्षं घरी बसवणं म्हणजेच मरण. तो शेवटचे काही महिने जगला,’ असं ते म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा गळा भरून येतो. त्यांच्या भावनेपुढे वाद घालणं मला जड जातं, तरी मी घालते. शिवलकर पन्नाशी उलटल्यावरही गोलंदाजीच्या गप्पा मारायला होते. मुजुमदार प्रशिक्षक झाले आणि 2025 मध्ये त्यांच्या हाताखाली आपल्या मुलींनी विश्वचषक आणला. टोपी न मिळालेला माणूसही खेळात राहू शकतो. बालीसर अर्जुनला सहायक प्रशिक्षक हो म्हणून मागे लागलेलेच असतात की.

आणि विद्या? नोकरी गेल्यापासून पगार तिचा, घरभाडं तिचं, नवऱ्याचा आळस समजून जे बोलायचं ते बोलून वाईटपणाही तिच्याच वाट्याला. जीव द्यायचा निर्णय तिच्यासोबत बसून घेतलेला पडद्यावर कुठेच दिसत नाही. मुलाला पाचशेची जर्सी हवी होती. सात-आठ वर्षांच्या पोराला बाप हिरो हवा असतो, तो संध्याकाळी घरी आलेला. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची संधी दिग्दर्शकाला मिळाली होती, आणि मृणालसारखी नटी हाताशी होती. एक प्रसंग तिला द्यायला हवा होता, जिथे ती त्याला ‘मला का नाही विचारलंस’ म्हणते. तो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

योगायोग असा की त्याच एप्रिलच्या पहिल्या तारखेला मुंबईच्या प्रवीण तांबेंवरचा श्रेयस तळपदेचा सिनेमा हॉटस्टारवर आला होता. तांबे एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरले, तेही ऑफिस क्रिकेट खेळत खेळत. तो पाहताना आम्ही कुणीच रडलो नाही, लेक मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही. मुलांना घेऊन एकच पाहायचा असेल तर मी तो लावेन. मोठ्यांसाठी ‘जर्सी’, आणि शक्य असेल तर आधी तेलुगू. हिंदीला माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. घरातलं कुणी हृदयविकाराने अचानक गेलेलं असेल, तर शेवट काय आहे ते त्यांना आधी सांगून मगच लावा.