रोझरी घेताना: साखळीची, दोरीची की बोटातली?

पहिल्या कम्युनियनला (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) किंवा लग्नात भेट आलेली रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, बहुतेक घरांत मखमली डबीतच राहते. काचेचे मणी, पांढऱ्या धातूची नाजूक साखळी, दिसायला सुरेख. ऑपरेशन, घरातलं मरण, गेलेली नोकरी अशा दिवसांत ती रोज हातात यायला लागली की तिचे दोष कळतात. ठाणे-नवी मुंबईत चर्चच्या आसपास आणि सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत जे प्रकार मिळतात, त्यांचा विचार इथे रोजच्या वापराच्या दृष्टीने केला आहे.

कुठलीही माळ घ्या, आधी मणी मोजा. दशक म्हणजे दहा लहान मण्यांचा गट. पाच दशकांच्या माळेत ५९ मणी असतात: ५३ लहान, ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे, आणि ६ मोठे, प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रूसापासून वर एक मोठा, तीन लहान, पुन्हा एक मोठा, मग पदक आणि पुढे दहा-दहाची पाच दशकं. स्वस्त मालात एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी निघतात, आणि घरी गेल्यावर माळ बदलून कोण देतो? मोठा मणी डोळे मिटूनही बोटाला वेगळा लागला पाहिजे. सगळे एकाच मापाचे असतील तर अंधारात, विशेषतः आजारपणात, हिशेब चुकतो. म्हाताऱ्या, संधिवाताच्या बोटांना ६ मिलिमीटरचे मणी निसटतात. ८ किंवा १० चे घ्यावेत.

साखळीची माळ तुटते ती बहुधा पदकापाशी. तीन बाजूंचा ताण तिथे येतो आणि कडीचं तोंड उघडतं. घेताना प्रत्येक कडी नखाने तपासा. फट दिसली तर ती माळ परत ठेवा. घरी कडी मिटवायची तर टोकदार पकडीने तिची तोंडं पुढेमागे वळवून जुळवायची. बाजूला फाकवली की तार कमकुवत होते आणि आठवड्याभरात पुन्हा निसटते. इथल्या घामाने आणि पावसाळी हवेने मुलामा काळवंडतो. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी धातू टाळलेलाच बरा. रंगवलेले लाकडी मणी ओल्या हातात रंग सोडतात, तेव्हा साधे, न रंगवलेले चांगले.

आमची पसंती गाठींच्या दोरीच्या माळेला. नायलॉनच्या जाड दोऱ्याला तीन वेढ्यांची गाठ, हाच मणी. ती धुता येते, उशीखाली टोचत नाही, खाली पडली तरी आवाज होत नाही. एमआरआयच्या खोलीत धातू नेता येत नाही, तिथे अख्खी नायलॉनची, क्रूससुद्धा दोऱ्याचा किंवा प्लास्टिकचा असलेली माळ उपयोगी पडते. तरी आत नेण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला विचारायचं. दोष एकच: टोकं नीट वितळवून बंद केली नसतील तर दोरा सुटत जातो. ते काम मेणबत्तीच्या ज्योतीवर होतं. भेट म्हणून ती साधी दिसते, पण रुग्णालयात न्यायच्या पिशवीत हीच टाकावी.

बोटातली दहा खुणांची अंगठी ठाणे-सीएसएमटी लोकलच्या गर्दीत सोयीची. मात्र पाच दशकं म्हणायची असतील तर किती फेऱ्या झाल्या ते स्वतःच लक्षात ठेवावं लागतं. दुःखात नेमकं तेच जमत नाही.

शोकात स्वतःचे शब्द सुचत नाहीत, लक्ष टिकत नाही. रोझरीत शब्द आधीच ठरलेले असतात आणि बोटं पुढचा मणी सांगतात. भार तिथे हलका होतो. पाच दशकांना १५ ते २० मिनिटं लागतात. तेवढी ताकद नसेल तर एकच दशक, सावकाश. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातल्या एका घटनेचं मनन करतात, तिला रहस्य म्हणतात. ते प्रसंग पाहून निवडायलाही हरकत नाही: शस्त्रक्रियेआधी गेथशेमाने बागेतली व्यथा, गरोदरपणी मरियेने एलिझाबेथची घेतलेली भेट, मुलाची काळजी असेल तर मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू.

गावठाणातलं घर सोडून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गेलं की संध्याकाळची एकत्र प्रार्थना तुटते. व्हिडिओ कॉलवर ती जमते, पण आवाज मागेपुढे पोचतात आणि सगळ्यांचा गोंधळ होतो. एकाने पहिला भाग म्हणावा, दुसऱ्या घरातल्या एकानेच उत्तर द्यावं, बाकीच्यांनी म्यूटवर म्हणावं.

माळेसोबतची पुस्तिकाही पाहून घ्या. जुन्या छपाईत १५च रहस्यं असतात; पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये प्रकाशाची पाच वाढवली, ती गुरुवारी म्हणतात. मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, सोमवार आणि शनिवार आनंदाची, बुधवार आणि रविवार गौरवाची. माळेला आशीर्वाद मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) फादरांकडून घेता येतो. आशीर्वादित माळ तुटून दुरुस्तीपलीकडे गेली तर कचऱ्यात टाकत नाहीत, जमिनीत पुरतात.