टेक्सासची गाडी, कॅलिफोर्नियाचा कॅट : काही महिने वापरल्यानंतर

गाडी २००९ची, चार सिलिंडरची जपानी सेडान. दीड लाख मैल उलटून गेलेत. ह्यूस्टनला राहत असताना चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात ‘कॅट’, धुराड्याच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) थकला. टेक्सासात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमांत बसणारा कॅट चालतो. मजुरी धरून पाचशे डॉलरच्या आत काम झालं, आणि हॅरिस काउंटीच्या तपासणीत गाडी बिनबोभाट पास होत राहिली.

मग नोकरीपायी कॅलिफोर्नियात सनीवेलला आलो. परराज्यातली गाडी इथे नोंदवायची तर आधी स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी. पुण्यात पीयूसी काढताना धुराड्यात नळी घालतात, त्यामुळे इथेही तसंच असेल असं घरच्यांना वाटत होतं. पण २००० सालच्या आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात नळी लावतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या पोर्टला वायर जोडतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. आमचा कॉम्प्युटर म्हणाला, सगळं ठीक. त्यानंतर टेक्निशियन टॉर्च घेऊन गाडीखाली गेला, बाहेर आला आणि कागदावर ‘नापास’ आलं. धूर बरोबर, कोड नाही, तरी नापास! कारण कॅटच्या पत्र्यावर ईओ नंबर नव्हता.

हा ईओ नंबर म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने, बोलीभाषेत ‘कार्ब’ने, त्या विशिष्ट कॅटला दिलेल्या मंजुरीचा क्रमांक. ‘डी’पासून सुरू होतो आणि पत्र्यावर कायमचा ठोकलेला असतो, शेजारी पार्ट नंबर, बनवल्याची तारीख आणि धूर कुठल्या दिशेने जातो त्याचा बाण. गाडी मुळात फेडरल प्रमाणपत्राची असली तरी सवलत नाही. इथे नोंदवायची तर बदली कॅट एकतर गाडीच्या कंपनीचा मूळ भाग, नाहीतर कार्बच्या मंजुरीचाच हवा. भंगारातून काढलेला जुना कॅटही चालत नाही. न्यूयॉर्कनेही २०१३पासून बदली कॅटसाठी कॅलिफोर्नियाचेच निकष धरले आहेत, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच मंडळींनाही हे लागू.

ऑनलाइन दुकानांत फेडरल कॅट दोनशे-तीनशे डॉलरला दिसतात आणि खाली बारीक अक्षरात ‘कॅलिफोर्नियात पाठवणार नाही’. मंजुरीवाला घ्यायला गेलं की आकडा एकदम उडी मारतो. डीलरकडे कंपनीच्या मूळ भागासाठी दोन हजारांच्या वर सांगितलं. बाहेरच्या मफलरवाल्याने कार्ब-मान्य कॅट बसवून बाराशेच्या आसपास घेतले. या फरकामागे निव्वळ शिक्का नाही. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, आणि मंजुरी मिळवायला ते पुरेसे घालावे लागतात. हमीतही हे दिसतं. फेडरल कॅटने धूर साफ करण्याची हमी २५,००० मैलांची, कार्बवाल्याची ५ वर्षं किंवा ५०,००० मैल.

पैसे देण्याआधी एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. पत्र्यावर नंबर आहे एवढ्यावर काम भागत नाही. ती मंजुरी आपल्याच गाडीला लागू असावी लागते. बॉनेटच्या आतल्या बाजूला उत्सर्जनाचं स्टिकर असतं, त्यावर ‘टेस्ट ग्रुप’ नावाची अक्षरं-आकड्यांची एक माळ असते. कार्बच्या वेबसाइटवर साल, मॉडेल, इंजिन आणि तो टेस्ट ग्रुप टाकून पार्ट नंबर जुळवता येतो. पहिल्या गॅरेजने दाखवलेला कॅट मॉडेलला बसत होता, पण आमचा टेस्ट ग्रुप यादीत नव्हता. त्यांचं म्हणणं, ‘चालतो, कोण बघतंय.’ टॉर्च घेऊन बघणारा नुकताच भेटलेला होता, म्हणून दुसरं गॅरेज शोधलं.

बसवल्यावर लगेच पास होईल असं समजू नका. काम करताना बॅटरी काढली की कॉम्प्युटरची पाटी कोरी होते आणि सगळ्या मॉनिटरांना, म्हणजे एकेका भागावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामना, नव्याने आपापली चाचणी पुरी करावी लागते. या सालच्या गाड्यांना फक्त पेट्रोलच्या वाफेचा मॉनिटर अपुरा असला तर चालतो. कॅटचा पुरा व्हावाच लागतो, आणि तोच सगळ्यात आळशी. १०१ हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये रोज ऑफिसला जाऊन काही झालं नाही. एका रविवारी सकाळी इंजिन नीट तापवून २८० हायवेवर एका वेगात गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने नेली, तेव्हा तो ‘रेडी’ झाला. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर पोर्टला लावून ठेवलात तर स्मॉग स्टेशनचा हेलपाटा वाचतो.

आता वापराबद्दल. मायलेज वाढलं नाही, पिकअपही तोच. जो कुणी सांगेल की नवा कॅट बसवल्यावर गाडी पळायला लागली, त्याचा आधीचा चोंदलेला असणार. फरक दिसतो तो स्कॅनरवर. कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज टेक्सासच्या कॅटवर शेवटी शेवटी वर-खाली नाचायला लागलं होतं. कोड आला नव्हता, पण येण्याच्या वाटेवर होता. नव्या कॅटवर ते ०.६ ते ०.७च्या आसपास शांत बसून आहे, उन्हाळा-हिवाळा दोन्ही झाले तरी. म्हणजे कॅट ऑक्सिजन साठवतोय आणि सोडतोय, त्याचं काम करतोय. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर येणारा वासही कमी झालाय, हे बायकोचं निरीक्षण. माझ्या नाकावर तिचा विश्वास नाही.

तक्रार एकच. उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा क्लँप महिन्याभरात सैल झाला आणि सिग्नलला उभं राहिलं की खडखड. गॅरेजने फुकट आवळून दिला, पण बाराशे मोजल्यावर ही खडखड ऐकावी लागू नये. चोरीच्या धाकाने कॅटच्या पत्र्यावर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कोरून घेतलाय. २०२३पासून सुटा कॅट कुणाकडून विकत घ्यायचा यावर कायद्याने बंधनं आहेत, तरी रात्री गाडी रस्त्यावरच उभी असते.

गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असली तरी इथे दुसरा मार्ग नाही, कारण विकतानाही बहुतेकदा स्मॉगचा दाखला द्यावा लागतो. पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर डीलरच्या मूळ भागाचा भाव एकदा विचाराच. मात्र इंजिन तेल खात असेल किंवा मिसफायर होत असेल तर आधी ते दुरुस्त करा. नाहीतर नवा कॅटही त्याच आजाराने जाईल, आणि तशा वेळी हमीवाला हात वर करतो. आणि बिलावर कॅटचा पार्ट नंबर, ईओ नंबर आणि त्या दिवशीचे मैल लिहून घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका. माझ्या बिलाचा छापील कागद आताच पुसट व्हायला लागलाय, म्हणून फोटो काढून ठेवलाय.