ट्रायकोडर्मा वापरून हंगाम काढला: काय थांबलं, काय नाही

आधी निकाल सांगतो, पुराण मागून. मिरची आणि वांग्यातली मर, म्हणजे झाड कोमेजून मरण्याचा रोग, बऱ्यापैकी आटोक्यात आली. टोमॅटोत मात्र ट्रायकोडर्माच्या पावडरीचा काडीचाही उपयोग झाला नाही.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. भारी काळी जमीन, ओलित विहिरीवर. आठवडी बाजारापुरता भाजीपाला करतो: वांगे, मिरची, थोडे टोमॅटो आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं सांभार, म्हणजे कोथिंबीर. श्रावणात झड लागली की खोलगट भागातली मिरची माना टाकते, हे दर सालचं. झाड उपटलं की बुडाशी पांढरी जाळी आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसायचे. हे दाणे म्हणजे स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची शिदोरी. त्यांच्या भरवशावर ती मातीत वर्षानुवर्षं तग धरते. वरून पानांवर कितीही फवारा, तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

पावडर आणल्यावर काकांनी विचारलंच, "मातीले दवा पाजतं का रे?" तसं पाहिलं तर ही दवा नाहीच. ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे. रोगाच्या बुरशीच्या धाग्याला ती वेटोळं घालते, तिची भिंत विरघळवते आणि आतलं खाऊन टाकते. शिवाय मुळाभोवतीची जागा आधीच अडवून बसते. शास्त्रज्ञांना हे १९३२ पासून ठाऊक आहे. आमच्या कृषी केंद्रात मात्र ती अजूनही कीटकनाशकांच्या रांगेत ठेवलेली असते. जिवंत वस्तू आहे, तिला खायला लागतं, ओल लागते आणि ऊन सोसत नाही. बाकीचा सगळा खटाटोप या तीन गोष्टींपायी.

विदर्भात पहिली पंचाईत उन्हाचीच. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर, दुकान पत्र्याचं, आणि पुड्या त्याच पत्र्याला टेकून. त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेला माल घेऊ नका. मृगाच्या तोंडावर ताजी तारीख पाहून घ्या. पुडीवर दर ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू, म्हणजे उगवू शकणारे जिवंत कण, लिहिलेले असावेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिळाली तर उत्तम. शंका आली तर निथळलेल्या भातावर चिमूटभर टाकून झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत आधी पांढरं, मग गडद हिरवं दिसतं. हिरवं ते सगळं ट्रायकोडर्मा नसतं म्हणा, शिळ्या भाकरीवरही हिरवी बुरशी येते. पण काहीच उगवलं नाही तर पुडी मेलेली आहे, एवढं नक्की कळतं.

आता खरं काम, शेणखताचं. १ किलो पावडरीला १०० किलो शेणखत. खत पूर्ण कुजलेलं हवं. उकिरड्यावरचं वाफाळतं खत घेतलं तर उष्णतेनं बुरशी मरते, वर मुळं खाणारी हुमणीची अळी फुकट. आंब्याच्या सावलीत थर लावले, पाणी शिंपडलं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल. वरून ओलं बारदान. मधूनमधून ढीग खालीवर केला. दहा-पंधरा दिवसांत बारदान उचललं तर खतावर हिरवट पांढरी साय धरलेली आणि ओल्या मातीच्या वासात कुठंतरी खोबऱ्यासारखा वास. या बुरशीच्या काही जातींना तो असतो. काकांनीही वाकून वास घेतला. बोलले काही नाहीत.

सुकी पावडर थेट मातीत भिरकावणारे बरेच आहेत. आमच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आणि सामू (पीएच) ८ च्या वर निघाला होता. अशा मातीत तिला ना खाणं ना मानवेल असा सामू, कारण तिला थोडी आंबट माती आवडते. खतात वाढवून टाकली की निदान शिधा सोबत घेऊन उतरते.

हे खत गादी वाफ्यांवर, रोपांच्या ओळीत दिलं. सोबत एकरी २०० किलो निंबोळी पेंड. रोपं लावण्याआधी लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात मुळं बुडवली. पुढे झड आली तेव्हा वाफ्यावरची मिरची उभी होती. कडेच्या दोन ओळींना खत तेच होतं, पण वाफा नव्हता. तिथं पाणी साचलं आणि झाडं गेली. म्हणून श्रेयाचा मोठा वाटा मी उंच वाफ्याला देतो. साचल्या पाण्यात मुळं गुदमरली की कोणतीही पुडी त्यांना वाचवत नाही.

टोमॅटोचं प्रकरण वेगळं. हिरवीगार झाडं दुपारी कोमेजायची आणि दोन-तीन दिवसांत खलास. पानं पिवळी पडायलाही सवड नाही. खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवला. थोड्याच वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरायला लागला. ही जिवाणूजन्य मर, राल्स्टोनियाची. ट्रायकोडर्माचा भर बुरशीवर. या मरीत तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. धागा निघाला नाही आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजेरियम या बुरशीची मर समजा, तिथं पावडर कामाची. ही ग्लासातली परीक्षा फुकट आहे. पुडी घेण्याआधी ती करावी, असं मी आता शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटलोय.

टोमॅटोच्या त्या तुकड्यात यंदा ज्वारी. वांगे, मिरची, बटाटे सगळे टोमॅटोचेच भाऊबंद, त्यांना तिथं बंदी. वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या) गाठीही सापडल्या, म्हणून त्यांना आवर घालायला मधल्या ओळीत झेंडू लावणार. दसऱ्याला तो विकलाही जातो. बोरू हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्यात गाडायचाही विचार आहे, पण गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबूनच रोपं लावायची. ताज्या हिरव्या पाल्यावर पिथियम ही रोपं कुजवणारी बुरशी फोफावते आणि कोवळी रोपं कोलमडतात.

एक खबरदारी राहिली. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते मुळाशी ओतलं, तर ट्रायकोडर्माच आधी मरते, तेव्हा दोन्हींत निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर पावडर किलोला दोनेकशे रुपयांत पडली. खरा पैसा शेणखत आणि पेंडीत जातो. पोळ्यानंतर गावात शेणखताचे भाव चढतात, म्हणून पुढच्या हंगामाची ट्रॉली मी आताच सांगून ठेवली आहे.