कन्व्हेन्शनल की ॲड्रेसेबल? गाळ्यांच्या इमारतीसाठी फायर अलार्म निवडताना

व्यापारी संकुलाच्या समितीपुढे फायर अलार्मची कोटेशनं आली की घोडं बहुतेक वेळा दोन कागदांपाशी अडतं. एक कन्व्हेन्शनल पॅनेलचा (पॅनेल म्हणजे सगळे डिटेक्टर जिथे जोडलेले असतात ती मुख्य पेटी), दुसरा ॲड्रेसेबलचा. दुसऱ्याचा आकडा पाहून निम्मी मंडळी तिथेच 'नको' म्हणतात. जळगावातल्या आमच्या तीन मजली संकुलात आधी पहिला प्रकार होता, आता दुसरा आहे. दोन्ही वापरून जे वाटलं ते सांगतो. तुमच्या इमारतीचं गणित वेगळं असू शकतं.

धूर ओळखण्यात दोघांत फारसं डावं-उजवं नाही. फरक आहे तो पॅनेल तुम्हाला काय सांगतं यात. कन्व्हेन्शनलमध्ये पंधरा-वीस डिटेक्टर एका झोनवर, म्हणजे इमारतीच्या एका भागाच्या लाइनवर, टाकलेले असतात आणि त्यातला कुठलाही बोलला तरी दिवा झोनचाच लागतो. ॲड्रेसेबलमध्ये प्रत्येकाला स्वतःचा नंबर.

मोठा मोकळा हॉल असेल तर झोन कळला तरी पुरतं, दारात उभं राहिलं की धूर दिसतो. गाळ्यांची गोष्ट वेगळी. रात्री दहानंतर सगळी शटरं खाली आणि आमच्या वॉचमन नानांचा फोन यायचा, "भाऊ, तीन नंबरनी बत्ती लागनी शे." तीन नंबर म्हणजे अख्खा दुसरा मजला. मग प्रत्येक शटरच्या फटीला नाक लावत फिरायचं, पत्र्याला हात लावून पाहायचं. वास येत नाही म्हणून आग नाही, असं छातीठोक सांगायची हिंमत होत नाही. किल्ल्या मालकांकडे, आणि लग्नसराईत मालक कुणी चोपड्याला तर कुणी शिरपूरला. एकेक शटर उघडून शेवटी निघायचं काय, तर डिटेक्टरच्या जाळीत शिरलेला किडा, नाहीतर देवापुढे धुमसत राहिलेला धूप.

झोपमोडीचं एक वेळ सोडा. असं वरचेवर झालं की माणूस हूटर बंद करतो, रिसेट मारतो आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसतो. नानांना तरी काय दोष द्यायचा? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

यावर स्वस्तातला उपाय आहे, तो आधी करून पाहायला हरकत नाही. आतल्या डिटेक्टरला जोडून शटरच्या वर, बाहेरच्या बाजूला छोटा लाल दिवा बसवता येतो. त्याला रिस्पॉन्स इंडिकेटर म्हणतात. गाळेधारक फारसे बदलत नसतील तर छान चालतो. आमच्याकडे मात्र दिवाळीआधी कुणी ना कुणी पीओपी नवं करतो आणि कारागीर ती बारीक वायर तोडून मोकळा होतो. डिटेक्टर बेसमधून काढून ठेवला तर पुढची लाइन तुटते, पॅनेल फॉल्ट दाखवतं. मग एखादा इलेक्ट्रिशियन बेसवर वायरचा तुकडा जोडून फॉल्ट घालवून देतो. पॅनेलवर सगळं नॉर्मल आणि त्या गाळ्यात डिटेक्टरच नाही! ॲड्रेसेबलला असा चकवा देता येत नाही. डिटेक्टर जागेवर नसला की पॅनेल थेट त्याचा नंबर दाखवतं.

त्यातल्या ॲनालॉग प्रकारात डिटेक्टर किती मळलाय हेही पॅनेलला कळतं आणि खोटा अलार्म होण्याआधीच सफाईची सूचना मिळते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारी रुई बघता, माझ्या मते ही चैन नाही.

आता दुसरी बाजू. पॅनेल आणि डिटेक्टर, दोन्ही महाग. शिवाय एका कंपनीच्या पॅनेलवर दुसऱ्याचा डिटेक्टर सहसा चालत नाही, म्हणजे एकदा घेतलं की त्याच घराशी सोयरीक. बिघाड झाला तर जाणकार माणूस नाशिकहून नाहीतर संभाजीनगरहून येईपर्यंत वाट पाहायची. कन्व्हेन्शनल गावातला हुशार इलेक्ट्रिशियनही उलगडतो. एकच शोरूम, छोटा दवाखाना किंवा मंगल कार्यालय असेल तर मीही बहुधा कन्व्हेन्शनलच घेईन.

एक गोष्ट मात्र दोन्हींत सारखीच. वरच्या मजल्यावर पत्र्याचं छत असेल तर ५७-५८ अंशांवर वाजणारा हीट डिटेक्टर डोळे झाकून लावू नका, मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते आपल्याला ठाऊक आहे. स्प्रिंकलरचंही तेच. त्यातला काचेचा बल्ब ठरावीक तापमानाला फुटतो आणि पाणी सुटतं. नेहमीचा लाल बल्ब ६८ अंशांचा, पिवळा ७९ चा, हिरवा ९३ चा. छताखालच्या कमाल तापमानापेक्षा निदान ३० अंश वरचा बल्ब निवडायचा, असा साधारण नियम आहे. बाहेरच ४५ अंश असताना पत्र्याखाली लाल बल्ब कसा बसेल, हे कोटेशनवाल्याला विचारा.

कायद्याच्या बाजूने दोन्ही सारखेच. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत द्यावाच लागतो. तपासणीला आलेला माणूस ॲड्रेसेबलमध्ये बंद गाळ्यांचीही हजेरी पॅनेलवर पाहू शकतो, तेवढा त्रास कमी.

ॲड्रेसेबल घ्यायचं ठरलं तर पॅनेलवर दुकानांची नावं टाकू देऊ नका, गाळा नंबर टाकायला लावा. आज मोबाइलचं दुकान, उद्या तिथे क्लास. आणि पॅनेलचा पासवर्ड व प्रोग्रॅमिंगची प्रत समितीच्या हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. आमच्याकडे त्यासाठी पुरवठादाराशी बरीच हुज्जत घालावी लागली, पण चेक हातात होता म्हणून मिळाली.